शेंगदाणा, मका, पेंड आणि दुधातलं बुरशीचं विष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुईमूग-मका पिकवणारे, चार दुभती जनावरं सांभाळणारे आणि घरी दाण्याचं कूट करून ठेवणारे लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

बुरशीचं विष म्हणजे नेमकं काय?

काही जातींच्या बुरशी धान्यावर वाढताना विषारी रसायनं तयार करतात. त्यांना मायकोटॉक्सिन म्हणतात. बुरशी आणि तिचं विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो. उन्हात टाकून, झटकून, पुसून बुरशी दिसेनाशी होते, मरतेही. विष मात्र दाण्यात तसंच राहतं. त्याला रंग नाही, वास नाही. उलटंही खरं आहे: बुरसलेल्या प्रत्येक दाण्यात विष असतंच असं नाही.

अशी शेकडो रसायनं माहीत आहेत, पण अन्नाच्या दृष्टीने महत्त्वाची मोजकीच. भुईमूग, मका, सरकी, मिरची यांत अफ्लाटॉक्सिन. मका आणि ज्वारीत फ्युमोनिसिन. गहू-बार्लीत डीऑक्सिनिव्हॅलेनॉल (डॉन). साठवलेलं धान्य आणि कॉफीत ऑक्राटॉक्सिन. सफरचंदाच्या रसात पॅट्युलिन. आपल्या हवामानात सर्वांत जास्त धास्ती अफ्लाटॉक्सिनची, म्हणून पुढचा बराचसा मजकूर त्याच्याबद्दलच आहे. ते मुख्यतः अॅस्परजिलस फ्लेव्हस या हिरवट-पिवळ्या बुरशीपासून तयार होतं.

हे विष आहे हे कळलं कसं?

पक्षी मेले म्हणून. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी दगावले. कारण सापडेना, म्हणून त्या रोगाला ‘टर्की एक्स’ असं नाव दिलं. जंतू सापडले नाहीत, विषाणू सापडला नाही. शेवटी संशय खाद्यावर गेला आणि माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते रसायन वेगळं काढलं गेलं आणि त्याची रचनाही कळली. थोडक्यात, या विषाचा अभ्यासच मुळात पेंडीच्या पोत्यापासून सुरू झाला.

भारतात यामुळे माणसं दगावली आहेत का?

हो. १९७४ च्या शेवटी राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत कावीळ पसरली. पोटात पाणी व्हायचं, पाय सुजायचे आणि माणूस जायचा. ३९७ जणांना लागण झाल्याची नोंद आहे, त्यातले १०६ दगावले. गावातली कुत्रीही त्याच लक्षणांनी मेली, आणि तपास करणाऱ्यांना ही मोठी खूण मिळाली: माणसं आणि कुत्री एकाच घरचं अन्न खात होती. साथीचा रोग म्हणावा तर तो माणसाकडून माणसाला होत नव्हता. ज्यांच्या घरी मका हेच मुख्य अन्न होतं, तीच घरं आजारी होती.

त्या वर्षी काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला होता आणि ओला मका तसाच भरून ठेवावा लागला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या मक्याचे नमुने तपासले तेव्हा किलोला ६ ते १५ मिलिग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन निघालं. आज आपल्याकडे धान्याला किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे ती माणसं आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजारपट विषाच्या भाकरी आठवडेच्या आठवडे खात होती. मका खराब आहे हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. दुसरं धान्य घरात नव्हतं.

तीस वर्षांनी, २००४ मध्ये, केनियात जवळजवळ तोच प्रकार घडला. तिथेही मकाच होता. ३१७ रुग्ण आणि १२५ मृत्यू.

आणि महाराष्ट्रात?

इथला जुना दाखला बाजरीचा आहे. १९५६-५७ च्या सुमाराला तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेली बाजरी खाऊन लोकांना मळमळ, उलट्या, गरगरणं आणि गुंगी असा त्रास झाला. अरगट म्हणजे कणसात दाण्याच्या जागी तयार होणारी काळसर, कडक बुरशीची गाठ. ती दाण्यापेक्षा हलकी असते, म्हणून त्यावरचा उपाय आजही कृषी खातं सांगतं तोच आहे: दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं, बाजरी त्यात टाकून ढवळायची, वर तरंगेल ते काढून जाळायचं, तळाची बाजरी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायची. इतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय बाकी कुठल्याही बुरशीच्या विषाला नाही.

ज्वारीचं उदाहरण शेजारचं आहे. १९९५ मध्ये अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या २७ गावांत पोटदुखी, पोटात गुडगुड आणि जुलाबाची साथ आली. त्या धान्यात फ्युमोनिसिन सापडलं. लोक बरे झाले, पण दख्खनच्या पठारावर हे होऊ शकतं एवढं त्यातून कळलं. आपल्याकडे खरिपाची ज्वारी दाणे भरताना पावसात सापडली की काळी पडते, हे कुणाला सांगायला नको. रब्बीची मालदांडी कोरड्या हवेत पिकते, म्हणून या तावडीतून बरीचशी सुटते.

एकदम विषबाधा झाली नाही, पण रोज थोडं थोडं पोटात गेलं तर?

खरा प्रश्न हाच. बांसवाड्यासारख्या घटना विरळ आहेत. रोजचं थोडं थोडं विष कोट्यवधी लोकांच्या पोटात जातं.

अफ्लाटॉक्सिन बी१, म्हणजे या विषाचा सर्वांत जहाल प्रकार, यकृतात गेलं की यकृत ते निपटून काढायला बघतं, आणि त्या खटाटोपातच त्याचं एक जहाल रूप तयार होतं. ते थेट डीएनएला चिकटतं. पी५३ हे पेशींची बेबंद वाढ रोखणारं जनुक आहे. त्यात २४९ क्रमांकाच्या जागी होणारा एक ठरावीक बदल अफ्लाटॉक्सिन जास्त असलेल्या भागांतल्या यकृताच्या कर्करोगात पुन्हा पुन्हा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ पासून अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेल्या गटात, ठेवलं आहे.

त्यात हेपटायटिस बी असेल तर दोन्ही मिळून फार वाईट होतं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या हिशेबाने ज्याच्या रक्तात हा विषाणू आहे, त्याला तेवढंच विष सुमारे तीसपट घातक ठरतं. म्हणून अफ्लाटॉक्सिनवरचा एक उपाय चक्क लसीकरण आहे. बाळाची हेपटायटिस बीची लस चुकवू नका.

सवय बदलली की फरक पडतो, याचा पुरावा चीनमधल्या चिडोंग भागातून आला. १९८० च्या दशकात तिथल्या लोकांचं मुख्य अन्न मक्यावरून तांदळावर आलं, शरीरातलं अफ्लाटॉक्सिन झपाट्याने घटलं आणि पुढच्या दशकांत यकृताच्या कर्करोगाचे मृत्यूही उतरले.

लहान मुलांच्या बाबतीत चित्र तितकं स्वच्छ नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन आणि टोगोमधल्या अभ्यासांत ज्या मुलांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनच्या खुणा जास्त, त्यांची उंची आणि वजन कमी, असं दिसलं. पण गरिबी, जुलाब आणि निकृष्ट आहार हे सगळं त्याच घरांत असतं. त्यामुळे खुजेपणाचं सगळं खापर या एका विषावर फोडता येत नाही. काही लेखांत ते सर्रास फोडलेलं असतं.

भाजल्यावर, उकडल्यावर, तळल्यावर विष जातं ना?

नाही. अफ्लाटॉक्सिन तुटायला अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान लागतं. प्रेशर कुकर १२० अंशांच्या आसपास थांबतो. दाणे खमंग भाजल्यावर काही प्रमाणात कमी होतं, पण किती ते भाजण्यावर अवलंबून असल्यामुळे त्यावर विसंबू नये. दूध उकळल्याने किंवा पाश्चरायझेशनने त्यातलं विष जात नाही.

मग घरी काय करायचं?

दाणे निवडायचे. ऐकायला जुनाट वाटेल, पण जगभरच्या शेंगदाणा कारखान्यांतली कॅमेऱ्याची महागडी यंत्रंही हेच करतात. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं; ते थोड्याच दाण्यांत साचलेलं असतं, आणि त्या दाण्यांपैकी बरेचसे डोळ्यांना ओळखू येतात. ताटात पातळ थर पसरा, उजेडात बघा. सुरकुतलेला, पोचट, काळपट किंवा पिवळट डाग पडलेला, किडीने पोखरलेला, कोंब फुटलेला दाणा बाजूला. भाजून साल काढल्यावर पुन्हा एकदा नजर टाका, कारण सालाखाली रंग बदललेला दाणा तेव्हाच दिसतो. पाकळ्या उघडून बघितल्या तर आत कधी राखाडी-हिरवट लव सापडते. तोंडात कडवट लागला तर गिळू नका, थुंका.

बाजूला काढलेले दाणे कोंबड्यांना, गाईला किंवा पक्ष्यांना घालू नका. ही सवय बहुतेक घरांत आहे, आणि कोंबडीच्या पोटात गेलं म्हणून विष संपत नाही.

म्हणूनच मला विकतच्या दाण्याच्या कुटाबद्दल कुरकुर आहे. दाणा दिसतो तोवर निवडता येतो. कूट झालं की सगळं एक. उपवासाच्या आधी पावशेर दाणे घरी भाजून मिक्सरमधून काढायला अर्धा तास लागतो.

लाकडी घाण्याचं शेंगतेल सुरक्षित आहे का?

दाणे चांगले असतील तर हो. अफ्लाटॉक्सिन तेलात फारसं विरघळत नाही, त्यामुळे गाळप झाल्यावर त्याचा मोठा हिस्सा पेंडीत जातो. पण न गाळलेल्या तेलात पेंडीचे बारीक कण तरंगत असतात, आणि त्यांच्यासोबत विषही. रिफाइंड तेलात अल्कलीची प्रक्रिया होते, तिथे ते जवळजवळ सगळं निघून जातं. घाण्याच्या तेलाची चव मलाही आवडते, पण ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हा युक्तिवाद इथे उलटा पडतो. घाणेवाल्याला तेलाचा भाव विचारण्याआधी दाणे बघायला मागा. स्वतःचे निवडलेले दाणे नेऊन गाळून घेता आले तर फारच छान. तेल निवळू द्या, तळाचा गाळ वापरू नका.

दुधात हे विष कसं येतं?

गाई-म्हशीच्या खाद्यातून. जनावराच्या पोटात बी१ गेलं की यकृतात त्याचं एम१ होतं आणि ते दुधात उतरतं. खाल्लेल्या बी१ पैकी साधारण एक ते सहा टक्के एम१ होऊन बाहेर पडतं; जास्त दूध देणाऱ्या गाईत प्रमाण वरच्या टोकाला असतं.

एक हिशेब करून बघा. गाय दिवसाला सहा किलो आंबोण खाते आणि त्यात १०० पीपीबी, म्हणजे किलोला १०० मायक्रोग्रॅम, बी१ आहे. पोटात गेलं ६०० मायक्रोग्रॅम. दोन टक्के धरले तर १२ मायक्रोग्रॅम दुधात. दूध दहा लिटर असेल तर लिटरला १.२. आपली कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ आहे, म्हणजे दूध दुपटीहून जास्त नापास. तेच खाद्य २० पीपीबीचं असतं तर लिटरला ०.२४ आलं असतं आणि दूध पास झालं असतं.

हा प्रश्न कागदावरचा नाही. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ दुधाचे नमुने घेतले. त्यात ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम१ मर्यादेबाहेर होतं. युरिया, डिटर्जंट अशी भेसळ फार थोड्या नमुन्यांत निघाली. आपली सगळी चर्चा मात्र भेसळीचीच असते, आणि त्यात दूधवाल्याला चोर ठरवून विषय संपतो. एम१ मध्ये कुणी काही मिसळलेलं नसतं. गवळी प्रामाणिक, गाय निरोगी, पेंड खराब.

चांगली बातमी एवढीच की हे झटकन उतरतं. खराब खाद्य बंद केलं की साधारण तीन ते पाच दिवसांत दुधातलं एम१ जवळजवळ जातं.

पनीर, दही, तूप?

एम१ दुधातल्या केसीन प्रथिनाला धरून राहतं. त्यामुळे पनीर आणि चीजमध्ये ते दुधापेक्षा दाट होतं. लोणी-तुपात फार कमी उतरतं. दही लावल्याने नाहीसं होत नाही.

पेंडीला थोडी बुरशी दिसते आहे. चांगल्या पेंडीत मिसळून संपवू का?

नको. मिसळल्याने विष पातळ होतं, पण पोटात जाणारं एकूण विष तेवढंच राहतं. शिवाय बुरशी चांगल्या पेंडीलाही लागते. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड आणि मका भरडा या तिन्हींवर लक्ष ठेवा. पोती भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळ्या टाका. पावसाळ्यात दोन महिन्यांचा साठा एकदम करू नका. गव्हाणीतली उरलेली भिजकी आंबोण दुसऱ्या दिवशी तशीच पुढे ढकलू नका. मुरघासाच्या खड्ड्याचा किंवा बॅगेचा वरचा, कडेचा बुरसलेला थर फेकून द्या.

बाजारात ‘टॉक्सिन बाइंडर’ मिळतात. बेंटोनाइटसारखी माती आतड्यात अफ्लाटॉक्सिन धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर काढते. युरोपात २०१३ पासून या कामासाठी तिला मान्यता आहे. पण डॉनसारख्या इतर विषांवर तीच माती जवळपास निरुपयोगी आहे. ‘सर्व विषांवर एकच’ असं पाकिटावर लिहिलेलं दिसलं तर पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय पैसे घालू नका.

कोंबड्यांना किती धोका?

बदक आणि टर्की सर्वांत नाजूक. पूर्वी प्रयोगशाळेत विष ओळखायला बदकाची पिल्लंच वापरत. कोंबडी त्या मानाने सोशिक, पण वाढ खुंटते, अंडी घटतात आणि रोगप्रतिकारशक्ती खालावल्यामुळे लशी नीट लागू पडत नाहीत. रानीखेतची लस देऊनही पक्षी जात असतील तर मक्याचा नमुना एकदा तपासून घ्या.

एकाच ट्रकमधल्या मालाचे दोन प्रयोगशाळांचे अहवाल वेगळे का येतात?

व्यापारी यावरून कायम भांडतात, आणि बहुतेक वेळा दोन्ही प्रयोगशाळा बरोबर असतात. दोष नमुन्याचा असतो. १९६० च्या दशकातच एकेक शेंगदाणा सुटा तपासून बघितला गेला, तेव्हा काही दाण्यांत किलोला दहा लाख मायक्रोग्रॅमच्या पातळीचं अफ्लाटॉक्सिन सापडलं. अर्ध्या ग्रॅमचा असा एक दाणा घ्या. त्यात ५०० मायक्रोग्रॅम विष आहे. मर्यादा किलोला १५ ची. म्हणजे तो एकटा दाणा, बाकी सगळे शुद्ध असले तरी, तीस किलोचं पोतं नापास करू शकतो. आता दहा टनांच्या ट्रकमधून तुम्ही मूठभर दाणे उचलले, तर तो दाणा मुठीत येणार की नाही?

म्हणून नमुना अनेक पोत्यांतून, वरून-मधून-खालून, थोडा थोडा घ्यायचा, काही किलो जमवायचा, सगळा दळायचा आणि मग त्यातून चमचाभर तपासायचा. पुढची तपासणी एलायझा या स्वस्त, झटपट किटने होते की एचपीएलसी या महागड्या यंत्राने, हा नंतरचा मुद्दा. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने स्वस्त एलायझा किट तयार केल्यामुळे गरीब देशांना तपासणी परवडू लागली, हे काम मोठं आहे. पण नमुनाच चुकीचा असेल तर कोट्यवधींचं यंत्रही आकडा अचूक देईल आणि उत्तर चुकीचं.

शेतात काय करता येईल?

भुईमुगात विषाची सुरुवात बऱ्याचदा जमिनीतच होते. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाण्याचा ताण पडला आणि माती तापली की शेंगेची स्वतःची प्रतिकारशक्ती ढासळते आणि मातीतली बुरशी आत शिरते. त्या काळात एक संरक्षित पाणी देता आलं तर तेच सर्वांत मोठं औषध. काढणी लांबवू नका. उपटताना कुदळीने फुटलेल्या शेंगा वेगळ्या ठेवा. वेल उलटे करून, शेंगा वर राहतील असे वाळवा. ढीग करून ताडपत्रीखाली झाकलेल्या ओल्या शेंगा म्हणजे बुरशीला आयतं घर. शेंगेतला ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर यायला हवा. शेंग हलवली की दाणा खुळखुळतो ही जुनी खूण बरीच उपयोगी आहे. मळणी किंवा फोडणी सोपी व्हावी म्हणून शेंगांवर पाणी मारतात, तेवढं मात्र बंद करा.

हे उपाय साधे असले तरी त्यांची चाचणी झालेली आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत वीस गावं निवडली. दहा गावांत शेंगा निवडायला शिकवलं, वाळवायला चटया दिल्या, तागाची पोती दिली, खाली लाकडी फळ्या दिल्या. दहा गावं नेहमीसारखी. पाच महिन्यांनी लोकांचं रक्त तपासलं, तर उपाय केलेल्या गावांत अफ्लाटॉक्सिनची खूण निम्म्याहून कमी. २००५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चटई आणि तागाचं पोतं!

शास्त्रज्ञ नवीन काय करत आहेत?

सर्वांत पुढे गेलेला उपाय बुरशीविरुद्ध बुरशीचा आहे. अॅस्परजिलस फ्लेव्हसच्या काही जाती निसर्गतःच विष बनवत नाहीत. त्या ज्वारीच्या दाण्यांवर चढवून फुलोऱ्याच्या आधी शेतात फेकायच्या. त्या जागा बळकावतात आणि विषारी भाईबंदांना वाव राहत नाही. अमेरिकेत हे आधी कपाशीत सुरू झालं, नंतर आफ्रिकेत ‘अफ्लासेफ’ नावाने अनेक देशांत पोहोचलं. प्रत्येक देशासाठी तिथल्याच मातीतल्या जाती शोधाव्या लागतात, म्हणून उचलून आणून वापरता येत नाही.

दुसरी वाट जनुकांची. २०१८ मध्ये इक्रिसॅटच्या गटाने असा भुईमूग प्रसिद्ध केला जो बुरशीला आत वाढू देत नाही आणि शिरलीच तर तिची विष बनवणारी जनुकं गप्प करतो. प्रयोगशाळेत निकाल उत्तम आहेत. पण जनुक बदललेल्या अन्नपिकांचं आपल्याकडे जे होतं ते पाहता हा दाणा मोंढ्यात कधी दिसेल, यावर मी पैज लावणार नाही.

युरोपची मर्यादा इतकी कडक आणि आपली सैल का?

खायला तयार शेंगदाण्याला युरोपात एकूण अफ्लाटॉक्सिन ४ मायक्रोग्रॅम, आपल्याकडे १०. दुधाला तिथे ०.०५, आपल्याकडे आणि अमेरिकेत ०.५. कर्करोग करणाऱ्या अशा विषाला ‘इथपर्यंत अगदी सुरक्षित’ अशी रेषा नसते, त्यामुळे मर्यादा ठरवताना आरोग्य, पिकाची स्थिती आणि व्यापार यांचा सौदा होतो. २०१२ च्या दुष्काळानंतर सर्बियात मका बाधला, दूध नापास होऊ लागलं, तेव्हा तिथल्या सरकारने २०१३ मध्ये दुधाची मर्यादाच दसपट सैल केली. तापमान वाढतंय तसं युरोपही या प्रश्नाच्या पट्ट्यात येतो आहे.

जगातलं २५ टक्के धान्य बाधित असतं, हे खरं का?

हा आकडा वर्षानुवर्षं एका लेखातून दुसऱ्यात उतरवला जातो. काही संशोधकांनी त्याचा उगम शोधायला घेतला, तर मुळाशी भक्कम मोजणी सापडली नाही. त्यांच्या पडताळणीनुसार मर्यादेबाहेरचं धान्य म्हणाल तर २५ टक्के फार चुकीचं नाही. पण आजच्या संवेदनशील यंत्रांनी नुसता अंश शोधायचा म्हटलं तर तो ६० ते ८० टक्के नमुन्यांत सापडतो. ‘सापडलं’ आणि ‘धोकादायक प्रमाणात सापडलं’ यात फरक आहे. बातमी वाचताना आधी एकक बघा.

ब्रेडचा बुरसलेला तुकडा कापून उरलेला खाल्ला तर?

ब्रेड, पोळी, भात, जॅम असे मऊ पदार्थ पूर्ण टाका. बुरशीचे धागे डागाच्या पलीकडे गेलेले असतात. घट्ट चीजचा डाग इंचभर खोल कापून उरलेलं खाता येतं. लोणच्यावर बुरा आला असेल तर वरचा थर काढून तेल ओतायची पद्धत आहे. मी तरी ती बरणी रिकामी करतो.